शपथ आधी कोणी घ्यायची?

डोंगरावरच्या मठात एका संताचा पवित्र पेला होता. त्यातलं पाणी पाजलं की तापाने फणफणलेला माणूस उठून बसतो, अशी त्याची ख्याती. सरदार ऑल्डविनचं अख्खं गाव तापाने अंथरुणाला खिळलं, तेव्हा तो घोडा फेकत थेट मठाच्या दारात येऊन थडकला.

मठाधिपती बर्नाल्ड कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत आडवे आले. आजवर चाळीस सरदार त्यांनी दारातूनच परत पाठवले होते.

"या धर्मग्रंथावर हात ठेव आणि 'मी आयुष्यात एकही पाप केलेलं नाही' अशी शपथ घे. मगच आत सोडीन."

शपथ घेतली तर खोटं बोलल्याचं पाप, नाही घेतली तर दार बंद! ऑल्डविनने शांतपणे ग्रंथावर हात ठेवला.

"मी तयार आहे, महाराज. रिवाजाप्रमाणे आपणही हात ठेवा. शपथ देणाऱ्याने एकेक शब्द आधी म्हणायचा आणि घेणाऱ्याने मागून. करा सुरुवात."

अंगणात सगळे साधू जमले होते. उपवासाच्या दिवशी मठाधिपतींच्या खोलीत भाजलेलं बदक पोचवणारा स्वयंपाकी तर कान टवकारून पुढे सरकला. बर्नाल्डांचा हात ग्रंथाजवळ येऊन थबकला.

"आज... घसा बसलाय माझा," ते पुटपुटले.

"हरकत नाही," ऑल्डविन म्हणाला. "आपण रोज शपथ न घेता आत जाता, तसाच आज मी जातो."

स्वयंपाकी फिसकन हसला. बर्नाल्डांनी घाईघाईने कुलूप काढलं आणि बसलेल्या घशातून खणखणीत आवाज आला, "सरका रे, सरदारांना वाट द्या!"