झाकलेले पान

एकदा एका माध्यमिक शाळेतील वाचन-उपक्रमाच्या समारोपाला एक वृद्ध गुरुजी आले. उपक्रम चालविणारी तरुण शिक्षिका त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आपल्या मुलांचे वाचन गुरुजींनी ऐकावे ही तिची फार दिवसांची इच्छा, तितकीच धास्तीही.

तिने नववीतल्या मंजुळाला पुढे बोलावले. शाळेत सर्वांत वेगाने वाचणारी तीच. एक म्हातारी रोज दोन ताटे वाढते, असा मिनिटभराचा उतारा. मंजुळाने तो कुठेही न अडखळता वाचला. टाळ्या झाल्या.

गुरुजी उठले. खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी उघड्या पुस्तकावर पसरले. "आता वाच, बाळ."

मुले हसली. मंजुळाही हसली, आणि झाकलेले पान तिने तसेच घडाघडा म्हटले. टाळ्या अधिकच वाजल्या. गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. उपरणे उचलून त्यांनी पान उलटले.

"आणि हे?"

मंजुळाने पहिल्या शब्दावर बोट ठेवले. अक्षरे जुळवली, ती सुटली, पुन्हा जुळवली. मग हळूच म्हणाली, "बाई, हे पान आपल्याला नव्हतं."

वर्ग रिकामा झाल्यावर शिक्षिका गुरुजींकडे वळली. "चारचौघांत उघडं पाडलंत तिला, गुरुजी. मला तरी आधी सांगायचं."

"चारचौघांत केलं, ते चुकलं माझं," गुरुजी म्हणाले. "पण आधी सांगितलं असतं, तर हेही पान तू घोटून घेतलं असतंस. तिचा दोष नाही, पोरी. तुला वेग हवा होता, तिला तुझी शाबासकी. पुढल्या वर्षी दहावीला कधी न पाहिलेला उतारा समोर येईल, तेव्हा तू जवळ नसशील. आणि खरं दुःख त्याचंही नाही. वाचणं म्हणजे हेच, असं ती आजवर समजत होती."

शिक्षिका बाहेर आली. मंजुळा पायरीवर बसली होती, पुस्तक मांडीवर मिटलेले.

"बाई, मला वाचता येत नाही का?"

मनगटावरचे घड्याळ काढून शिक्षिकेने पर्समध्ये टाकले, शेजारी बसली आणि दुसरे पान उघडले. मंजुळाचे बोट अक्षराअक्षराने सरकू लागले. पहिले वाक्य संपायला फार वेळ लागला: दुसऱ्या ताटावर बसणारे आता कोणीच नव्हते.

मंजुळा थांबली.

"म्हणजे ती एकटीच होती, बाई?"

वर्षभर रोज तोंडाने म्हटलेली ती म्हातारी तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.