फिरदौसची भट्टी

"पण तो पदार्थ बनला का?" स्वामींनी विचारलं.

सारंग अडखळला. लाखो रचना संगणकावर चाळून, उष्णता जवळजवळ जाऊच न देणारा एक नवा पदार्थ त्याने शोधला होता. त्याबद्दल पुरस्कार मिळाला म्हणून पेढे घेऊन स्वारी मठात आली होती. स्वामी संन्यास घेण्याआधी त्याला पदार्थविज्ञान शिकवायचे. आता त्यांनी तोंड भरून कौतुक करावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

"फिरदौस करतेय प्रयत्न," तो म्हणाला. "प्रयोगशाळेत पदार्थ बनवायचं, भट्टीचं काम तिच्याकडे आहे. दर वेळी भलतंच काहीतरी हाती येतं."

"का बरं?"

"तिच्या हाताला यश नाही, स्वामीजी."

फिरदौसही स्वामींचीच विद्यार्थिनी.

"ही रचना टिकेल का, हे संगणकाला विचारलं होतंस?"

"हो."

"काय उत्तर आलं?"

सारंगने पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडायला घेतली.

"सारंग."

"अणूंची काही कंपनं उणे आली होती." त्याचा आवाज उतरला.

"म्हणजे रचना टिकतच नाही. मग?"

"मला वाटलं, गणितातली किरकोळ चूक असेल. ती कंपनं मी हिशेबातून वगळली. वगळल्यावर उत्तर फार सुंदर आलं…"

"पुन्हा तपासलंस?"

"गणपतीत. तेव्हाही उणेच आली."

गणपती गेले, दिवाळी गेली, आता शिमगा तोंडावर आला होता.

"फिरदौसला सांगितलंस?"

"नाही. सांगितलं असतं तर पुरस्कार…" तो थांबला. "काल ती म्हणाली, माझ्यात काही दम नाही, मी हे काम सोडते. उद्या राजीनामा देणार आहे."

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो… तुझं तू ठरव."

हे बोलताना सारंगला स्वतःचीच किळस आली. चेहऱ्याची नुसती आग होत होती. मान वर होईना. समोरचा पेढ्यांचा डबा कुठेतरी लपवावा असं त्याला वाटलं.

"मला माफ करा, स्वामीजी."

"माझं काय बिघडवलंस तू?"

स्वामींनी कोनाड्यातला मोबाइल घेतला, फिरदौसचा नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला. रिंग वाजू लागली.

"आत्ता नको!" सारंग मागे सरकला. "घरी जाऊन विचार करतो. नीट शब्द जुळवतो. सकाळी शांतपणे सांगेन, तिला लागणार नाही अशा बेताने…"

"बोला, स्वामीजी," पलीकडून फिरदौसचा आवाज आला.

स्वामींनी फोन त्याच्या हातात ठेवला.

"आग होतेय तोवरच बोल," ते हळूच म्हणाले. "निवलास की फार छान बोलशील, उणं तेवढं वगळून."