वेशीवरचा कडक घास

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाव कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं, हे रोज संध्याकाळी कुत्र्यांच्या भुंकण्यावरून ठरायचं.

रानाला लागून असलेल्या अशाच एका गावात घरटी एक कुत्रा असायचा. बिबट्या गोठ्यातली शेळी उचलून न्यायचा, कधी अंगणातल्या पोरांवरही डोळा ठेवायचा. कुत्र्याशिवाय घर म्हणजे दाराशिवाय घर, असं सगळे मानत. म्हणून कुत्र्यांचे लाडही व्हायचे. त्यांना नावं असत, त्यांच्या सुरस गोष्टी असत, आणि त्यांच्यावरून शेजाऱ्यांची भांडणंही होत.

त्या गावाची एक रीत होती. दर पौर्णिमेला उन्हं कलली, की सगळे आपापला कुत्रा घेऊन वेशीवर जमत. तिथे शेंदूर फासलेला एक दगड होता. घरची सून दगडापुढे एक भाकरी ठेवायची. नाचणीची, उन्हात वाळवून वाळवून खापरासारखी कडक केलेली. कुत्र्याने ती सगळ्यांदेखत कडाकडा फोडून खाल्ली, की गावकारभारी मोठ्याने म्हणायचे, "घर राखलं!" मग त्या घरच्या बाईच्या कपाळी शेंदूर लागायचा. कुत्र्याने तोंड फिरवलं, तर कुणी काही बोलायचं नाही. फक्त बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि ते बघणं पुढच्या पौर्णिमेपर्यंत पुरायचं.

ही रीत कुणी घातली, का घातली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पणजोबांच्या पणजोबांपासून चालत आलीय, एवढं कारण गावाला पुरेसं होतं.

त्या गावात सोनकी नावाची एक तरुण सून होती. भित्री म्हणजे किती भित्री! छपरातून पाल पडली, तर तिच्या हातातली घागर पडायची. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, "सोनकीला हाक मारायची, तर आधी लांबून खोकावं लागतं बाई. नाहीतर पाण्याबरोबर तिलाही उचलून घरी न्यावं लागतं."

तिचा नवरा मिठाच्या तांड्याबरोबर दूर जायचा आणि महिनोन्‌महिने परतायचा नाही. घरी ती, तिची सासू आणि भुंगा. भुंगा म्हणजे त्यांचा काळाभोर कुत्रा. तो पायाशी बसलेला असला, की दार सताड उघडं असलं तरी सोनकीला चालायचं. तो नसला, की बंद दाराचीही तिला धास्ती वाटायची.

आता घाबरट माणसाचं एक असतं. बारीकसारीक गोष्टी त्याला इतरांच्या आधी दिसतात. भुंगा भाकरी चावताना मान एका बाजूला कलती करतो, हे पहिल्यांदा सोनकीलाच दिसलं. चावता चावता तुकडा खाली पडायचा. भुंगा तो पुन्हा उचलायचा, पुन्हा पाडायचा. मग गालाची एक बाजू भिंतीला घासत उभा राहायचा.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "भुंगा एकाच बाजूनं चावतोय."

सासू तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "चावतोय ना? मग झालं. तो एका बाजूनं चावतो, तू सगळ्या बाजूंनी घाबरतेस."

"पण त्याच्या तोंडाला वासही येतोय."

"कुत्र्याच्या तोंडाला असा वास येणार नाही, तर काय केवड्याचा घमघमाट येणार?"

सोनकी भांडी घासायला गेली. पण पौर्णिमा जवळ आली तशी तिला झोप लागेना. शेवटी ती पुन्हा सासूजवळ जाऊन बसली. "आत्याबाई, वेशीवर त्याच्या तोंडून तुकडा पडला तर? ओढ्यापलीकडच्या वैद्यांना दाखवून आणू का?"

या वेळी मात्र सासूने सूप बाजूला ठेवलं. ओढ्यापलीकडच्या वाडीत जनावरांचे एक वैद्य राहत होते खरे. पण तिकडे जायचं, तर वेस ओलांडूनच जावं लागे.

"दिवसाढवळ्या आजारी कुत्रा घेऊन वेशीवरून जाणार? साऱ्या गावाला दाखवत? माझ्या सासूच्या काळापासून या घराचा घास कधी चुकला नाही, सोनके. इकडे ये. मी सांगते तसं कर."

आणि तिने सुनेला एक युक्ती शिकवली. भाकरी खालच्या अंगाने कोमट दुधात भिजवायची, वरचं अंग तव्यावर शेकून कडक करायचं. बघणाऱ्याला भाकरी वाळलेली दिसते, कुत्र्याच्या तोंडात मात्र ती विरघळते.

सोनकीचे डोळे मोठे झाले. "सगळ्याच घरांत असं करतात?"

"कोण करतं, कोण नाही, ते कुणी कुणाला विचारत नाही."

त्या पौर्णिमेला भुंग्याने भाकरी खाल्ली. कारभारी म्हणाले, "घर राखलं!" सोनकीच्या कपाळी शेंदूर लागला आणि तिचा जीव भांड्यात पडला. खाल्लं ना त्याने? म्हणजे ठीक असणार.

मग तिने घरीही तसंच सुरू केलं. भुंगा भाकरी टाकतो? त्याला भाकरी कुस्करून द्यावी. कुस्करलेली नको? पेज द्यावी. थंड पाण्याला तोंड लावताच तो दचकतो? पाणी कोमट करून द्यावं. खाली वाकून प्यायला त्रास होतो? वाडगं पाटावर ठेवावं. भुंग्याची प्रत्येक अडचण ती त्याच्या आधी ओळखायची आणि मायेने दूर करायची. इतकी, की अडचण आहे हेच पुढे दिसेनासं झालं.

एकदा मात्र तिने धीर करून त्याचा ओठ वर उचलला. आत मागच्या दाढेपाशी काहीतरी लालकाळं दिसलं. भुंगा गुरगुरला. तिने हात झटकन मागे घेतला, पदराला पुसला आणि पेज ढवळायला चुलीकडे गेली. काय दिसलं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. खरं तर स्वतःलाही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा जीव होता कुत्र्यावर, तर मग गेली का नाही वैद्याकडे? जीव होता म्हणूनच गेली नाही. वैद्य काय सांगतील, याची तिला बिबट्याहूनही जास्त भीती वाटत होती.

अशा आणखी काही पौर्णिमा गेल्या. पेरणी झाली, पिकं वर आली. भाकरीला दूध जास्त लागू लागलं. भुंग्याच्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. सासू म्हणाली, "गांधीलमाशी चावली असेल." सोनकी म्हणाली, "हो, तसंच असेल." दोघीही एकमेकींकडे न बघता बोलल्या.

आणि एका सकाळी शेजारच्या ठकूमावशीचा कुत्रा गेला.

ठिपक्या त्याचं नाव. मागच्याच पौर्णिमेला त्याने वेशीवरचा घास सगळ्यांआधी संपवला होता. ठकूमावशी अंगणात त्याच्याशेजारी बसून रडत होती. सारी आळी जमली होती.

"अचानक गेला गं माझा ठिपक्या! अगदी अचानक! काल सांजेपर्यंत पेज पीत होता."

बायका म्हणाल्या, "अचानकच म्हणायचं. नजर लागली कुणाची तरी."

सोनकी मागे उभी होती. तो एक शब्द तिच्या कानात खड्यासारखा अडकला. सगळे पांगल्यावर ती ठकूमावशीजवळ उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, पेज कधीपासून देत होतीस?"

ठकूमावशीचं रडणं थांबलं. तिने पदर तोंडाला लावला. ती ठिपक्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग म्हणाली, "पेरणीच्या आधीपासून."

"का?"

"भाकरी खाईना म्हणून."

"भाकरी का खाईना?"

"ते कधी विचारलंच नाही गं," ठकूमावशी म्हणाली.

सोनकी घरी आली. भुंगा उंबऱ्याशी पडून होता. तिला बघून त्याने शेपटी हलवली, पण उठला नाही. तिच्या लक्षात आलं, की हल्ली तो उठतच नाही, आणि आपण वाडगं त्याच्या पुढ्यात सरकवतो.

ती त्याच्या शेजारी बसली आणि तिला त्या रीतीचा अर्थ लागला. देवाला मऊ भाकरी चालली नसती का? मग एवढी वाळवून कडक कशाला करायची? सगळ्यांसमोर का ठेवायची? जुन्या माणसांना घराची इभ्रत बघायची नव्हतीच. मुका जीव तोंडाने सांगणार नाही, म्हणून महिन्यातून एकदा ते त्याला भाकरीने विचारत होते, बाबा रे, तुला चावता येतंय ना? तुला भूक आहे ना? तू इथवर चालत आलास ना? आणि आपण सगळे मिळून भाकरी दुधात भिजवत होतो.

दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा होती. सोनकीने भाकरी थापली, भाजली, उन्हात टाकली आणि दुधाचं पातेलं झाकून ठेवलं.

सासूने भाकरी टिचकी मारून पाहिली. ती टणटण वाजली. "अगं, ही भिजवायची राहिली."

"राहिली नाही, आत्याबाई. भिजवणार नाही."

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस की नाही?"

"ठिपक्या गेला, आत्याबाई."

"तो अचानक गेला."

"नाही गेला अचानक," सोनकी म्हणाली. तिने भाकरी तशीच फडक्यात बांधली.

भुंगा कसाबसा तिच्यामागे वेशीपर्यंत चालत आला. तिची पाळी आली. तिने दगडापुढे भाकरी ठेवली. भुंग्याने ती हुंगली. मान कलती करून एका बाजूने धरली. कड असा आवाज झाला, भाकरी गळून पडली आणि भुंगा केविलवाणा ओरडून मागे सरला. लाळेत रक्ताची रेघ होती.

बायकांनी एकमेकींकडे बघायला सुरुवात केली. कारभारी घसा खाकरून म्हणाले, "घास नाकारला."

एरवी सोनकी तिथेच कोसळली असती. पण तिने गुडघे टेकले, भुंग्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर त्याचा ओठ वर उचलला.

"नाकारला नाही. त्याला चावता येत नाही. ही बघा दाढ, कुजलीय. मला पेरणीच्या आधीपासून ठाऊक आहे. मी भाकऱ्या भिजवून आणत होते." तिने ओठ हलकेच सोडला. "मला शेंदूर नको. माझा कुत्रा मरायला नको."

मग गर्दीतून एक म्हातारी पुटपुटली, "आमची तांबी दिसामाजी चार-चार वाडगी पाणी पिते हल्ली. मी म्हटलं, उकाडा असेल."

"आमचा मागचा पाय उचलून मुततच नाही," कुणीतरी म्हणालं. दोन पोरं हसली, पण मोठी माणसं हसली नाहीत.

सोनकीने भुंग्याला उचलायचा प्रयत्न केला. तो जड होता. तेवढ्यात कुणीतरी त्याची मागची बाजू धरली. सासू होती.

"चल," ती म्हणाली. तिचा चेहरा रागाने आणि लाजेने लाल झाला होता. "वैद्यांकडे त्याचं तोंड कोण धरणार? तू तर तो गुरगुरला की सोडून पळशील."

ओढ्यापलीकडच्या वैद्यांनी गाठ चेपून पाहिली, दाढ पाहिली आणि एकच विचारलं, "कधीपासून?"

सोनकीने खरं ते सांगितलं.

"तेव्हाच आणला असतात, तर दाढ काढून मोकळा झाला असता," वैद्य म्हणाले. "आता पू डोळ्यापर्यंत चढलाय. दाढ काढतो. जीव वाचेल असं वाटतं. डोळ्याचं काही सांगू शकत नाही."

सासूने तोंड धरलं. सोनकीने पाय धरले, आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत.

भुंगा वाचला. गाठ उतरली, जखम भरली. तो पुन्हा कडाकडा चावू लागला, पुन्हा रानाकडे तोंड करून भुंकू लागला. पण एका डोळ्यावर जो पांढरा पडदा आला, तो आलाच. त्या बाजूने कुणी आलं, की तो दचकायचा. मग सोनकी अंगणात नेहमी त्याच्या त्या बाजूला बसू लागली.

गाव एका दिवसात शहाणं झालं, असं मी सांगणार नाही. काही घरांत त्यानंतरही दूध तापत राहिलं. पण कारभाऱ्यांनी "घर राखलं" म्हणणं सोडलं. ज्या घरचा कुत्रा भाकरी टाकायचा, त्या घरच्या बाईला आता ते विचारायचे, "सोबत कुणी देऊ का?" आणि दोघी-तिघी तिच्याबरोबर ओढा ओलांडायच्या. त्या वर्षानंतर गावातली कुत्री म्हातारी होऊ लागली. ठकूमावशीने नवं पिल्लू आणलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याचा ओठ उचलून दात नीट बघून ठेवले.

तात्पर्य : मुक्या जिवाच्या खाण्यापिण्यात बदल दिसला, की आधी त्याचं कारण शोधावं आणि मग त्याची सोय करावी.