वंगणमावशीची माया

बंदुका आल्या आणि रानं मुकी होऊ लागली, त्या काळची ही गोष्ट.

एका शिकाऱ्याच्या टेबलावर काडतुसाची पितळेची रिकामी पुंगळी पडली होती. तिच्यातून सुटलेल्या गोळीने सकाळीच एक गाभण हरणी लोळवली होती. बार उडाल्याच्या धक्क्याने पुंगळीचं अंग फुगलं होतं. शिकारी आता तिला साच्यात दाबून पहिल्या मापाची करणार होता आणि तिच्यात पुन्हा दारू-गोळी भरणार होता.

"मी वंगणाशिवाय कोरडीच जाईन आणि साच्यात अडकून बसेन," पुंगळी म्हणाली. "मग मला मोडीत टाकतील. टाकू देत! पण पुन्हा ते पाप नको."

डबीतली वंगणमावशी हळूच म्हणाली, "कशाला गं पोरी जिवाला त्रास? मी आहे ना. तुला कळणारसुद्धा नाही."

शिकाऱ्याने मावशीला बोटावर घेऊन पुंगळीच्या अंगावरून फिरवलं. इतक्या मायेने तिला आजवर कुणी शिवलं नव्हतं. अडायचं म्हणून तिने अंग ताठ केलं खरं, पण साच्यात कधी गेली आणि कधी बाहेर आली, तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रानात बार झाला. पुंगळी फुगून टेबलावर परतली. या खेपेला हरणी पडली की पाडस, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "आज जरा जास्तच माया कर."