डावीकडची विहीर

एकदा एक वृद्ध चित्रकार विहीर भलत्याच जागी काढत बसला आहे, हे त्याच्या शिष्याने पाहिले.

चित्रकार काही ऐरागैरा नव्हे. उभ्या आयुष्यात त्याने माणसांचे चेहरे रंगवले आणि मुलखाचे देखावे रंगवले. त्याने रंगवलेल्या डोंगरावर बोट ठेवून गुराख्याने आपली पायवाट दाखवावी, असा त्याचा लौकिक. आता मात्र हात कापू लागला होता. म्हणून कापडाच्या व्यापाऱ्याचे काम त्याने प्रथमच शिष्यावर सोपवले होते.

व्यापाऱ्याची एकुलती मुलगी मथुरा लग्न होऊन दूरच्या मुलखात जायची होती. ती गेल्यावर घरात तिचे चित्र असावे, एवढीच तिच्या आईची इच्छा. शिष्याने मथुरेला शालू नेसवून ओसरीवर बसवले. नथ, चिंचपेटी, तन्मणी, एकेक मोती असा उतरवला की सराफाने पाहून किंमत सांगावी. आईने चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, "दागिने आमचेच आहेत हो. मुलगी कुणाची?"

शिष्याने दुसरे चित्र काढले, तेही तसेच उतरले. मथुरा बसायची ती देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी. 'हलायचं नाही' अशी ताकीद त्यानेच तिला दिली होती, हे त्याच्या ध्यानात येईना. तोवर मांडवाचे बांबू दारात येऊन पडले. मुलगी निघून जाणार आणि आईच्या हाती नुसते दागिने राहणार, या विचाराने त्याचा घास गोड लागेना. आणि अशा वेळी गुरुजी व्यापाऱ्याच्या मागल्या दारी बैठक मांडून परसाचा देखावा रंगवत होते. तोही चुकीचा.

"गुरुजी, विहीर उजव्या हाताला आहे," तो दबकत म्हणाला.

"असेल. तू कागद-कोळसा घे आणि त्या खांबाआड बस."

इतक्यात ओले हात पदराला पुसत मथुरा तिथे आली. अंगावर घरचे जुने लुगडे. थोडा वेळ ती गुरुजींच्या मागे उभी राहिली. मग तिला राहवेना.

"आजोबा, विहीर इकडं आहे आमची."

"अस्सं? आणि झाड तरी बरोबर आहे ना?"

"कढीपत्ता ना? त्याला ही फांदी नाही. लहानपणी मी झोका बांधला, तेव्हा मोडली."

"कढीपत्त्याला कुणी झोका बांधतं होय?"

"मला कुणी सांगितलंच नाही. ढोपर फुटलं माझं, आणि बाबा हळहळले फांदीसाठी." ती हसली. मग परसामागच्या टेकडीकडे पाहू लागली. "त्या खिंडीतून बाबांची गाडी येते. आधी घुंगरं ऐकू येतात, मग धूळ दिसते, मग बाबा."

एवढे बोलून ती थांबली. हनुवटी किंचित वर, नजर खिंडीत. खांबाआड कोळसा सरसर चालू लागला होता. या वेळी शिष्याला एकही मोती दिसला नाही.

ते चित्र रंगून आईपुढे आले तेव्हा तिने त्याच्या कडेला बोट लावले, "हीच," म्हणाली आणि आत निघून गेली.

रंग आवरताना शिष्य म्हणाला, "तुम्ही मुद्दाम चुकलात."

"तू तिला पाट दिलास, शालू दिलास, पण पाहायला काय दिलंस? लोक मला जन्मभर विचारत आले, तुम्ही चेहऱ्यांचे चित्रकार की देखाव्यांचे. मला ती दोन कामं कधी वाटलीच नाहीत. माणूस आजवर काय पाहत आला, हे कळल्यावाचून त्याचा चेहरा हाती लागत नाही. आणि सरळ विचारलं तर माणूस संकोचतो. आपण चुकलो, की तो आपण होऊन सांगतो."

परसाचा देखावा मथुरेच्या पेटीत जायचा होता. शिष्याने तो गुंडाळायला घेतला. जादा फांदी गुरुजींनी पुसली होती, टेकडीतली खिंड ठळक केली होती, विहीर मात्र अजून डावीकडेच. त्याने झटकन कुंचला उचलला.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "तिच्या सासरी कुणीतरी हे पाहील आणि छान आहे म्हणेल. मग तिला सांगता येईल, 'पण विहीर चुकली आहे, आमची विहीर या बाजूला.' नव्या घरात बोलणं कुठून तरी सुरू व्हावं लागतं, बाळा."

शिष्याने कोरडा कुंचला होता तिथे परत ठेवला आणि चित्राची गुंडाळी अलगद बांधली.