शेवटची ओळ

दिगंबर कुलथे मोजणी खात्यात होते. बांध दोनदा मोजल्याशिवाय त्यांनी कधी कागदावर सही केली नाही. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या फोनवर दिवसाला दोन-तीनशे मेसेज यायला लागले आणि शंका घ्यायची जुनी सवय हळूहळू सुटली. कॉलनीचे अध्यक्ष रावसाहेब निकुंभ यांनी पाठवलेला एक मेसेज वाचून त्यांनी मधुमेहाचं इन्सुलिन बंद केलं आणि मेथीचं पाणी सुरू केलं. बायको कमलिनीबाई विनवत राहिल्या. अकराव्या दिवशी दिगंबरराव गेले.

तेराव्याला रावसाहेब आले. कुणीतरी त्या मेसेजचा विषय काढताच ते भरल्या घरात म्हणाले, "मी वाचून, पारखून मगच पुढे पाठवतो. त्यांचं नशीब, दुसरं काय!"

कमलिनीबाईंनी डोळे पुसले. "मग रावसाहेब, काल मी तुम्हाला गुडघेदुखीचा उपाय पाठवला होता. आज सकाळी तुम्ही तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकलात. जरा मोठ्याने वाचता? शेवटपर्यंत."

रावसाहेब ऐटीत वाचू लागले. उशाशी लिंबू, उजवी कूस, सात दिवस... शेवटची ओळ मात्र त्यांनी अडखळत वाचली.

"हे सगळं मी मनानं रचलंय. वाचलं असतंत, तर पुढे पाठवलं नसतंत. कमलिनी कुलथे."

कुणी हसलं नाही. रावसाहेबांची मान खाली गेली. "चुकलो, वहिनी."

"मला सांगून आता काय होणार?" बाई म्हणाल्या. "इन्सुलिनचा मेसेज ज्यांना ज्यांना पाठवलात, त्यांना एकेकाला फोन करा. कुणाचा तरी माणूस अजून जिवंत असेल."