सुंद्रा गवळणीच्या हातगुणाची कहाणी

ऐका बायांनो. ही कहाणी सांगणं माझं काम नव्हे. बायकांच्या पूजेत बाप्यानं तोंड घालू नये, हे मी सकाळपासून पाच वेळा सांगितलं. पण दरवर्षी कहाणी सांगणाऱ्या वच्छीचा घसा बसला, बाकीच्यांना कहाणी अर्धीच येते, आणि मला म्हणे पाठ आहे. पाठ आहे ती आईच्या तोंडून ऐकून ऐकून, हौसेनं नव्हे. तेव्हा तांदूळ हातात घ्या आणि मधे बोलू नका. बांगड्याही वाजवू नका.

आटपाट नगराच्या वेशीला लागून एक गवळीवाडा होता. तिथं एक गवळी होता. त्याला बायको होती, दोन लेक होते, थोरली सून अनसा होती. मग धाकट्या शिदूचं लग्न झालं, सुंद्रा सून म्हणून घरात आली. गवळीवाड्याची रीत अशी, की नव्या सुनेनं पहिल्या दिवशी विरजण लावायचं. दुसऱ्या दिवशी दही बघून तिचा हातगुण ठरवायचा. घट्ट लागलं तर हात चांगला, नाही लागलं तर हात वाईट.

सासूनं दूध तापवलं, चुलीवरून उतरवलं. दुधातून वाफा येत होत्या. पाहुण्या खोळंबल्या होत्या, सासूला घाई होती. बघत काय बसलीस, घाल विरजण, असं ती म्हणाली. सुंद्रा नवी पोर, सासूच्या शब्दापुढे काय बोलणार? घातलं. सकाळी बघतात तर दूध तसंच, दह्याचा पत्ता नाही. उकळत्या दुधात विरजण मरतं, हे गवळ्याच्या बायकोला ठाऊक नसेल काय? ठाऊक होतं. पण चार बायका बघत होत्या. सासू म्हणाली, हिचा हात वाईट.

मग काय झालं? सासू म्हणाली ते जावेनं धरलं. अनसा बरी होती मनानं, पण आपल्या हाताचं कौतुक होतंय तर कोणाला नको असतं? रवीला हात लावू नकोस गं, म्हणायची. मग जावेचं आळीनं धरलं. म्हशीनं लाथ मारली, सुंद्रा जवळ होती. कोणाचं लोणचं बुरसलं, सुंद्रा बरणीपाशी गेली होती. मग आळीचं सुंद्रेनं धरलं. भांडं उचलायची तर हात कापायचा, कापला की भांडं पडायचं, पडलं की ती स्वतःच म्हणायची, बघा, माझा हातच वाईट. शिदूनं दोनदा समजूत घातली. तिसऱ्यांदा तोही गप्प झाला. तिनं झाडलोट करावी, शेण उचलावं, दुधातुपाला शिवू नये, असं घरात ठरून गेलं. ठरवलं कोणी? कोणीच नाही.

पुढं सुंद्रेला दिवस गेले. नऊ महिने नऊ दिवसांनी मुलगा झाला. सुईणीनं पोर पुढं केलं, तर हिनं हात पाठीमागे घेतले. म्हणाली, माझ्या हाताला काही टिकत नाही, त्याला जाऊबाईंकडे द्या. मग रोज असं व्हायचं, की सासूनं पोराला तिच्या छातीशी धरायचं, आणि हिनं हात पाठीमागे बांधून पाजायचं. आई होती, पोराला कधी हात लावला नाही. सासूला ते उकळतं दूध आठवायचं. पण ती पोराला पाळण्यात ठेवून कामाला लागायची.

श्रावणमास आला. पहिल्या शुक्रवारी एक म्हातारी दारात आली. ताक मागितलं. सुंद्रा म्हणाली, माझ्या हातचं नको, आत जाऊबाई आहेत. दुसऱ्या शुक्रवारी म्हातारी आली. पायात काटा होता, काढ म्हणाली. माझ्या हातचं नको, आत जाऊबाई आहेत. तिसऱ्या शुक्रवारी म्हातारी आली, तेव्हा अनसा माहेरी गेली होती, बापलेक म्हशी घेऊन रानात होते, सासू तापानं आडवी पडली होती. पाळण्यात पोर भुकेनं रडून रडून निळं पडलं होतं. सुंद्रा पाळण्याशी उभी, हात पाठीमागे.

म्हातारी म्हणाली, "उचल की गं त्याला."

"आजी, तुम्ही उचलून द्या. माझा हात वाईट आहे."

"मला वाकवत नाही. वाईट म्हणून कोणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"आणखी?"

"जाऊबाईंनी. सगळ्या आळीनं."

"आणि तू काय म्हणतेस?"

पोराचा आवाज बसत चालला. शेवटी सुंद्रा म्हणाली, "मीही तेच म्हणते."

"मग तू तेवढं म्हणायची थांब. आळीचं आळी बघेल."

सुंद्रेनं हात पुढं घेतले. कापत होते. तसेच कापत्या हातांनी तिनं पोर उचललं.

आता तुम्हांला वाटेल आकाशातून फुलं पडली. काही पडलं नाही. पोरही पडलं नाही. प्यालं, ढेकर दिली, आईच्या अंगावर मुतलं आणि झोपी गेलं.

मग सुंद्रेनं म्हातारीचा काटा काढला, तिला ताक दिलं. म्हातारी म्हणाली, बाई, मी तुला वसा सांगते. तीन शुक्रवार आपल्या हातानं विरजण लावावं. बोट सोसेल इतकं दूध निवू द्यावं, घाई करू नये, कोणी घाई केली तर ऐकू नये. ज्यानं आपल्याला नाव ठेवलं, त्याला पहिली वाटी द्यावी. त्यानं वाटी खावी आणि चारचौघांत आपला शब्द मागं घ्यावा. सुंद्रा म्हणाली, त्यांनी नाही घेतला तर? म्हातारी म्हणाली, तो वसा त्यांचा. तू तुझा पाळ. एवढं बोलून ती वळली आणि दिसेनाशी झाली. ती कोण होती, ते तुम्ही जाणता.

पहिल्या शुक्रवारी दही पातळ झालं. सासूनं वाटी बाजूला ठेवली. दुसऱ्या शुक्रवारी आंबट झालं. सासूनं अर्धी वाटी खाल्ली, तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या शुक्रवारी असं लागलं, की वाटी उपडी केली तरी हललं नाही. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. सासू अंथरुणावर उठून बसली, सगळी वाटी संपवली, आणि म्हणाली, "बायांनो, त्या दिवशी दूध उकळतं होतं. विरजण घाल म्हणून घाई मी केली. हात हिचा वाईट नव्हता. खोटं बोलले ती मी."

मग अनसानं रवी आणली आणि सुंद्रेच्या पुढं ठेवली. सुंद्रेनं पोर सासूच्या मांडीवर दिलं आणि घुसळायला बसली. सासूचा ताप उतरला, घर दुधातुपानं भरलं.

जसा सुंद्रेला तिचा हात परत मिळाला, तसं तुमचं तुम्हांला परत मिळो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत आवरली, फळाला आली, पुरी झाली. वाहा तांदूळ.

वाहिले? मग आता माझं ऐका. मी सात वर्षांचा असताना चुलतभावानं भर चावडीवर माझं नाव ठोंब्या ठेवलं. गावानं ते धरलं. तिसरीत शाळा सोडली, कारण ठोंब्याला शाळा कशाला, असं मलाच वाटायला लागलं होतं. तो अजून जिवंत आहे, खालच्या आळीत राहतो, दात सगळे शाबूत आहेत. मी दोन श्रावण दह्याची वाटी घेऊन त्याच्या दारात गेलो. त्यानं दही खाल्लं, वाटी विसळून दिली, माफीचा शब्द काढला नाही. त्याचं नाव भिकाजी सखाराम टेकाळे.